करंजी घाटाखालची मावशी आणि माझी टाच

मी नगरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. थुंकी, लघवी, पू... हेच दिवसभर. त्यामुळे अंगारे-धुपारे, उतारे, हात फिरवून बरं करणं असलं काही ऐकलं की माझं डोकंच फिरतं. आजही फिरतं. तरी हे लिहिते आहे.

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझी मैत्रीण रुबीना नगर ते पाथर्डी चालत निघालो, तीन दिवसांत, जमेल तिथे डोंगरवाटांनी. सरावात माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता, तो चिघळला. दुसऱ्या दिवशी दुपारी करंजी घाट उतरून तिसगावच्या वाटेला लागलो, तेव्हा पाऊल टेकवेना. मोजा काढला तर पिवळा पू, आणि वास असा की माझा मलाच नको झाला. डॉक्टरला पाठवायला रुबीनाने फोटो काढला, पण रेंज नव्हती.

शेजारच्या माळावर एक बाई शेळ्या राखत होती. साठीची असेल. जवळ आली, वाकून बघितलं.

"लई चिडलंय की. दाव पाय, पोरी."

मला वाटलं, पाणी ओतेल. तिने सरळ टाचेला तोंड लावलं... आणि पू ओढून थुंकली. एकदा नाही, तीनदा! मी किंचाळले. मग कसलासा पाला चावून तिने तो लाळेसकट जखमेवर थापला.

"मावशी, अहो इन्फेक्शन होईल!"

"काय हुत न्हाई. जावा आता."

मी आभार मानले नाहीत. बाभळीआड जाऊन ओकले आणि तशीच चालू लागले. अर्ध्या तासाने लक्षात आलं, मी लंगडत नाहीये.

तिसगावात मुक्कामाला पोचल्यावर पाला धुऊन काढला. खाली जखमच नव्हती. खपली नाही, डाग नाही. रुबीनाने मोबाईलमधला फोटो उघडून टाचेशेजारी धरला.

सकाळी रुबीनाच्या हट्टाने परत गेलो. मावशी माळावरच बसली होती, डाव्या टाचेला चिंधी गुंडाळून. चिंधी पिवळी झाली होती. आणि वास... तोच.

"मावशी, चला, आपण दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले.

तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "माजं व्हतंय बरं. तुमी चालून आलाय, दूद घ्या."

शेळीचं ताजं दूध होतं, वर फेस. रुबीना घटाघटा प्यायली. मी पेला तोंडापर्यंत नेला, पण ओठाला लावता येईना. मावशीच्या ते लक्षात आलं असावं. तिने माझ्या हातातून पेला घेतला आणि स्वतः पिऊन टाकला.

नंतर मी माझं रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. त्या सकाळी मावशी एक पाय ओढत शेळ्यांमागे गेली, ते शेवटचं दिसणं. हे काय झालं, मला आजही सांगता येत नाही. किळस मात्र अजून येते. तिच्या तोंडाची कमी, माझीच जास्त.