न वाचलेल्या कादंबरीची अंतिम फेरी

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं अवसरीच्या वाचनालयात जमायचो. मी मंचरला पोस्टात कारकून. एक मित्र पारगावच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. दुसरे आणे गावचे गुरुजी, पठारावरून एसट्या बदलत यायचे. आणि वाचनालय सांभाळणाऱ्या ताई.

कादंबऱ्यांची बाद फेरी लावायची टूम काट्यावरच्या मित्राने काढली. क्रिकेटसारखी. सोळा कादंबऱ्या, चिठ्ठ्या टाकून जोड्या, हरेल ती परत कपाटात. मतं समान पडली तर ताई ठरवतील ते.

पहिल्याच रविवारी हसून हसून पोट दुखलं. ऊसतोडीवरची एक कादंबरी मित्राने दोन वाक्यांत उडवली. “आषाढात ऊस तोडला व्हय ह्यानं? तवा आमचा काटा गंजत पडलेला असतो राव.” गुरुजींनी एका ध्येयवादी शिक्षकाला घरी पाठवलं, कारण तीनशे पानांत त्याने एकदाही फळ्यावर काही लिहिलं नव्हतं. खिडकीतून बाहेर बघत बसणाऱ्या एका नायिकेला ताईंनीच बाद केलं. तिच्या घरात स्वयंपाक कोण करतं, हा त्यांचा प्रश्न होता.

सहाशे पानांची एक कादंबरी मीच आग्रहाने यादीत घातली होती. आठ वर्षं मी तिचे गोडवे गात होतो. प्रत्यक्षात चाळीस पानांपुढे गेलो नव्हतो. बाकी सगळं मलपृष्ठावरून आणि पेपरातल्या एका परीक्षणावरून. पहिल्या फेरीत ती जिंकली तेव्हा बरं वाटलं. दुसरीत जिंकली तेव्हा मलपृष्ठ पुन्हा एकदा वाचून घेतलं. जाडी बघून मित्राने आणि गुरुजींनी तिला हातच लावला नसावा, ते माझ्या शब्दावर मत देत आहेत, असं मी धरून चाललो होतो. ताईंनी वाचली होती की नाही, ते विचारायचा मला धीर नव्हता.

आता ती वाचायची तर प्रत वाचनालयातली, म्हणजे नोंद ताईंच्या वहीत. रजा टाकून जुन्नरला गेलो, तिथल्या वाचनालयात विचारलं, प्रत बाहेर गेलेली. पोस्टात बसल्या बसल्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर चुकीचे शिक्के मारू लागलो. उपांत्य फेरीत तिच्याविरुद्ध बोलून पाहिलं, तर सगळ्यांना तो माझा विनय वाटला. ती अंतिम फेरीत गेली.

त्या रविवारी बाजू मांडायला मी उभा राहिलो. भाषा, भव्यता, काळाचा पट असं काहीबाही बोललो. ताईंनी शांतपणे विचारलं, “थोरल्या भावाने शेवटी जमीन विकली, ते तुम्हाला पटलं का?”

थोरला भाऊ कोण, हेच मला आठवेना. चाळीस पानांत तो आलाही नसेल. पटलं म्हणावं की नाही, अशा विचारात मी पाणी प्यायलो. मग बसलो आणि म्हणालो, “मी ही कादंबरी वाचलेली नाही.”

मित्र हसायला लागला, मग गुरुजींकडे बघून थांबला. गुरुजी पिशवीत पुस्तकं भरत होते.

“आठ वर्षं,” ते म्हणाले. “तुम्ही भेटलात की विचारायचात, वाचली का? मी तीनदा सुरू केली. मला झेपत नाही म्हणून घरी कुणाला न सांगता परत आणून दिली. आमच्या घरात पुस्तकं घेणारा मी पहिला. मला वाटायचं, कमी पडतोय ते मीच.”

ते उठून स्टँडकडे गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

मी ताईंकडून ती कादंबरी नेली. वहीत त्यांनी नाव लिहिलं. वीस दिवस लागले. मधली दोनशे पानं कंटाळवाणी होती, पण थोरल्या भावाने जमीन विकायच्या आदल्या दिवशी बांधावरचं गवत काढलं, तिथे मी बराच वेळ पुढे सरकलो नाही.

मग आण्याला गेलो. गुरुजी दारात वह्या तपासत होते, मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर. चहा आला. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “वाचली?”

“वाचली. मधे लई रटाळ आहे. तुमचं काही चुकलं नव्हतं.”

त्यांनी दोन वह्या तपासल्या. मग म्हणाले, “रविवारी येतो. पण माझं मत दुसऱ्या पुस्तकाला.”

त्या रविवारी राहिलेलं अंतिम फेरीचं मतदान झालं. ताई, मित्र आणि गुरुजी, तिघांनी दुसऱ्या कादंबरीला मत दिलं. माझं एकट्याचं मत माझ्या कादंबरीला पडलं, आणि ते कशासाठी हे मी अर्धा तास न थांबता सांगत राहिलो. गुरुजींची पाचची एसटी चुकली.