काचेवरचं नाव

"हात हिचे, डोकं आमचं," मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या. सगळे हसले. काचांचा ट्रे धरून मी उभी होते. मीही हसले. त्या हसण्याची आजही चीड येते.

नाशिकच्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ; मॅडम तिथल्या प्रमुख. उंदराच्या गर्भाच्या मेंदूचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. मेंदू घडताना आधी मूळ पेशी असतात. त्यांतून चेतापेशी निघतात, मग त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी. गर्भाच्या कितव्या दिवशी कुठलं प्रथिन त्यांच्यात उमटतं, हे शोधायचं होतं. माझे वडील येवल्याला मागावर पैठणी विणतात. "विणकराची पोर, बोटं चांगलीच असणार," असंही मॅडम म्हणायच्या. मी एमएस्सी आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नसे.

मुग्धा तिथे पीएचडी करते. इंदिरानगरची, वडील डॉक्टर. मी तिच्यावर जळायचे. खोटं कशाला बोलू? तिच्या इंग्रजीवर, डब्यावर, मॅडमच्या केबिनमध्ये न विचारता शिरण्यावर. माझ्या कापांचे फोटो तिच्या नावाने भिंतीवर लागले, तेव्हा तर जेवण गेलं नाही.

काचेवर शिसपेन्सिलीनेच लिहायचं असतं. पुढे काच अल्कोहोलमधून जाते, पेनाची शाई धुऊन निघते. त्या खेपेला काचांवर दिवस लिहायचं काम मुग्धाकडे होतं. तिला मी दोनदा सांगितलं.

"अगं, हे पेन भारीतलं आहे," ती म्हणाली.

सोमवारी सगळ्या काचा कोऱ्या निघाल्या. कुठला मेंदू कितव्या दिवसाचा, कुणाला कळेना. मला आनंद झाला. झाला तर झाला.

मॅडमनी मला बोलावलं. "काप तूच काढलेस ना? बघून दिवस सांग. लिहून टाकू."

मला सांगता आलं असतं. पण कितव्या दिवशी काय दिसतं हे शोधायचं, आणि दिवसच दिसण्यावरून ठरवायचा? ही तर लबाडी.

"नाही, मॅडम. सगळं नव्याने करावं लागेल. आणि शोधनिबंधावर माझंही नाव लागेल."

"तुझं? कशासाठी?"

"आत्ता जे विचारलंत, ते माझ्या हातांना नाही विचारलंत."

नावाचं मॅडमनी अजून काही ठरवलेलं नाही. मुग्धावर मी अजूनही जळते. जळेन. नव्या काचा मीच करतेय. प्रत्येक काचेवर आधी दिवस लिहिते, त्याखाली माझं नाव, आडनावासकट. शिसपेन्सिलीने. ते नाव खोडायचं असेल, तर माझ्यासमोर खोडावं लागेल. नावाचं ठरेपर्यंत एकही काच माझ्या टेबलावरून हलणार नाही.