टाके डाक्टरचे, ओकारी माझी

द्वारकाबाई दुसऱ्याच्या अंगात सुई घालण्याआधी एक सुई स्वतःच्या हातात घालून घ्यायच्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये जो मांसल भाग असतो ना, तिथे. भाजीतलं मीठ चाखून पाहावं इतक्या सहज. मग ती सुई बाजूला ठेवून, उकळून ठेवलेल्या सुयांमधली दुसरी उचलायच्या आणि म्हणायच्या, "पाहिलं? मेली का मी? मग तू काहून मरशील? आण हात इकडे."

मी खरोखरच मरायला टेकले होते तेव्हा. वय चोवीस, घर मदन महलला, नवरा रेल्वेत कारकून, आणि पदरात दीड वर्षांची कुमुद. पोटात गाठ निघाली. जबलपूरच्या एका इस्पितळात मला नेलं. नाव सांगत नाही, माझी भाचेसून अजून तिथे नोकरीला आहे. तिथले मोठे साहेब इंग्रज होते. त्यांचा हात देवाचा आणि तोंड तोफेचं. गाठ त्यांनी झकास काढली, त्याबद्दल मी आजही त्यांना हात जोडते. पण क्लोरोफॉर्म उतरला आणि मला ओकाऱ्या सुरू झाल्या. पाण्याचा घोट ठरेना. पोटात काही नसतानाही आतडी वर यायची. दुसऱ्या दिवशी त्या उमाळ्यांनी दोन टाके सुटले. साहेबांनी पुन्हा शिवले आणि दाराबाहेर माझ्या नवऱ्याला सांगितलं, "अब की बार टाँके टूटे तो हम कुछ नहीं कर सकेगा."

त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. तोफेचा आवाज ऐकू जाणार नाही तर काय? मी पोटावर दोन्ही हात दाबून पडून राहिले. कुमुद आणि मी यांच्यामध्ये आता तेरा टाके होते, बस.

अशात माझं ओकारीचं तस्त उचलायला एक बाई आल्या. उंच, काटक, कपाळ मोकळं, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि अंगाला बिडीचा वास. इस्पितळाच्या कागदावर त्या आया होत्या. वर्ध्याकडच्या. लग्न होऊन रंगूनला गेल्या, वीस वर्षं तिथे संसार केला. जपान्यांचे बॉम्ब पडले तेव्हा सगळं टाकून डोंगरातून चालत निघाल्या. नवरा वाटेतच गेला. जबलपूरला भावाच्या दारी पोचल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक लुगडं आणि कमरेला खोचलेली बांबूची नळी एवढंच होतं. नळीत नऊ सुया. रंगूनला शेजारी एक चिनी म्हातारी राहायची, तिच्याकडून त्या हे शिकल्या होत्या. "ती मले मराठी शिकव म्हणे, मी तिले सुई शिकव म्हणे. तिले मराठी काही आली नाही, बावा," असं हसत सांगायच्या.

माझ्याकडे पाहून त्यांनी तस्त खाली ठेवलं. माझ्या मनगटाच्या वळीवर आपली तीन बोटं आडवी ठेवली आणि तिसऱ्या बोटापलीकडे, दोन शिरांच्या मधोमध, अंगठ्यानं दाबून पाहिलं. मी घाबरून म्हटलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"छे वं! डाक्टर तो. त्यानं तुले जीव देला, त्याले नमस्कार कर. टाके डाक्टरचे, ओकारी माझी."

मग आधी स्वतःच्या हाताला सुई, नंतर माझ्या मनगटाला. मुंगी चावल्यासारखं झालं, पाठोपाठ हात जड पडला. ओकारी जादूसारखी थांबली असं मी म्हणणार नाही, द्वारकाबाईंनीच मला झापलं असतं. पण दर घटकेला येणारा उमाळा त्या दुपारी एकदाच आला, तोही अर्धवट. संध्याकाळी चमचाभर बार्लीचं पाणी पोटात राहिलं. कोणी म्हणेल, आपोआप कमी व्हायचंच होतं. म्हणोत बापडे. टाके माझ्या पोटावर होते, त्यांच्या नव्हते.

बाईंची कीर्ती वॉर्डात पसरली आणि तिथेच घोटाळा झाला. पनागरचा एक भाजीवाला आपल्या बायकोला घेऊन आला. तिच्याही पोटात गाठ. साहेबांनी चिरायला सांगितलं होतं. तो बाईंपुढे हात जोडून म्हणाला, "दीदी, तुम सुई लगा दो, चीरफाड़ से बचा लो." मला वाटलं, बाई फुशारतील. कसलं काय! त्यांनी त्याला असा फैलावर घेतला की खाटेवरच्या बायका उठून बसल्या. "सुई से गाँठ गलती है क्या? काहेका भैया रे तू? बीवी को मारना है? चल, पहले पेट खुलवा! बाद में उलटी हुई तो मैं बैठी हूँ!" तो बिचारा मुकाट्यानं साहेबांच्या खोलीकडे वळला. त्याची बायको दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या खाटेवर आली.

पण त्या आरड्याओरड्यानं मेट्रनबाई धावत आल्या आणि त्यांना नळी दिसली. आया सुया टोचते म्हणजे काय! नळी जप्त झाली. "एक भी सुई दिखी तो घर जाओगी," असा दम मिळाला. बाईंनी मान खाली घातली, मला वाटलं संपलं सगळं. मला तर पुन्हा मळमळायला लागलं होतं. मेट्रनबाईंची पाठ वळली तशी बाई माझ्या खाटेजवळ टेकल्या आणि माझं मनगट हातात घेऊन त्यांनी ती जागा अंगठ्यानं दाबून धरली.

"सुई मना केली. अंगठा मना केला का कोणी?"

वॉर्डात खाटा बारा आणि बाईंना अंगठे दोन. मग त्यांनी काय करावं? मागच्या अंगणात चिंचेचं झाड होतं, तिथे त्या बिडी ओढायला जात. ("रंगूनले चिरूट ओढे मी. इथं बिडीवर भागवून राहिली.") तिथून मूठभर चिंचोके आणले, उकळून घेतले, आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं एकेक चिंचोका आमच्या मनगटावर, बरोबर त्या जागी, घट्ट बांधला. "मळमळलं की वरून दाब. माह्यासाठी थांबू नको." सुईइतकं चांगलं नव्हतं ते. पण दाबलं की उमाळा खाली बसायचा. टाके निघेपर्यंतचे दिवस मी त्या चिंचोक्यावर काढले.

आणि आमच्या बायका! मनगटाला चिंधी दिसली की दुसरं काही सुचेल तर शपथ. सगळ्या धरूनच चालल्या की हा गंडा आहे, रंगूनच्या कुठल्याशा जागृत देवीचा. पनागरवालीच्या सासूनं बाईंपुढे नारळ ठेवला आणि पाया पडायला वाकली. बाई भडकल्या. "ऊठ वं माय! देवी नाही, काही नाही. चिंचोका आहे! झाडाखाली ढीग पडला आहे, तूही आण!" म्हातारीचं काही समाधान झालं नाही. ती म्हणाली, देवी गुप्त राहते म्हणून बाई तसं बोलतात. नारळ मात्र बाईंनी फोडून सगळ्यांना वाटला.

चिंचोके बांधल्याच्या तिसऱ्या दिवशी मोठे साहेब फेरीला आले. पाहतात तो बारा खाटांपैकी सात बायकांच्या मनगटाला चिंध्या. माझ्या खाटेशी थांबून त्यांनी विचारलं, "ये क्या है?" मेट्रनबाई घाईघाईनं म्हणाल्या, "धर्म का धागा है, साहब." त्या वाईट नव्हत्या हो. नळी जप्त केली, पण आदल्या दिवशी माझी चिंधी सैल झालेली त्यांनीच घट्ट करून दिली होती. साहेबांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता, धर्माच्या गोष्टीत हात घालायचा नाही. त्यांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं. "आया, ये तुमने बाँधा? देवी का धागा है?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. नोकरी राहिली असती, चिंचोके राहिले असते, कोणाचं काही बिघडलं नसतं. मी मनात म्हणत होते, म्हणा हो बाई, म्हणा एकदा.

"नाही साहेब," बाई ताठ उभं राहून म्हणाल्या. "धागा-बिगा कुछ नहीं. इमली का बीज है. सुई बंद की तुमने, तो ये सुई का काम करता है. देवी का नाम लूँगी तो कल कोई देवी के भरोसे बिना चीरे मरेगी. उलटी रुकती है कि नहीं, तुम खुद पूछ लो."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. हुकूम सुटला, आयाला आजच्या आज काढा आणि हे सगळं सोडा. मेट्रनबाई माझ्या मनगटाकडे वळल्या. मी जन्मात कोणाला उलटून बोलले नव्हते. सासूबाईंना नाही, नवऱ्याला नाही. त्या दिवशी मी हात पांघरुणाखाली घेतला आणि म्हटलं, "ये मेरा हाथ है. मैं नहीं छोड़ूँगी." आवाज कुठून आला मलाच कळेना. शेजारून पनागरवालीनंही हात पांघरुणात घातला. मग पलीकडचीनं. साहेब काहीतरी इंग्रजीत पुटपुटले आणि निघून गेले. पुन्हा कोणी आमच्या चिंध्यांना हात लावला नाही.

द्वारकाबाई मात्र गेल्या. जाताना माझ्यापाशी येऊन तीन बोटं दाखवली. "तीन बोटं. विसरू नको. आणि रडू नको वं, टाके ताणतात." मी रडत होतेच. चार दिवसांनी साहेबांनी स्वतः माझे टाके काढले, तेराच्या तेरा. मनगटाकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. घरी गेले तेव्हा कुमुदनं मला ओळखलं नाही, ती सासूबाईंच्या पदराआड लपली. तासाभरानं मांडीवर येऊन बसली.

पुढे बाईंकडे माझं जाणं-येणं राहिलं. सराफ्यातल्या सोनाराकडून त्यांनी नव्या सुया करवून घेतल्या आणि इस्पितळातून सुटून आलेल्या बायकांकडे घरोघर जात राहिल्या. मोठे साहेब विलायतेला गेले, स्वराज्य आलं, आणि एक दिवस बाईंच्याच पोटात गाठ निघाली. भाऊ म्हणाला, "अगं, तुझ्याजवळ सुया आहेत ना?" तशा त्या त्याच्यावर कडाडल्या, "काहून? पनागरवाल्याले हाकललं, आता मीच पळू का?" त्याच इस्पितळात गेल्या. त्याच वॉर्डात. क्लोरोफॉर्मच्या आधी स्वतःच्या हातानं दोन्ही मनगटांना चिंचोके बांधून घेतले.

ऑपरेशन झाल्यावर मी खाटेशी बसले होते. एक तरुण डॉक्टर कागद भरत आला. बाईंचं मनगट पाहून हसला. "माताजी कौन से देवता को मानती हैं?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून, मिटल्या डोळ्यांनी, जड जिभेनं आवाज आला.

"चिंचोका है. लिख लो."

आणि त्यानं लिहिलं! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नाडी, ताप यांच्या खाली, चिंचोका.

बाईंना एकही ओकारी आली नाही. पण सहाव्या दिवशी ताप चढला, तो उतरलाच नाही, आणि नवव्या दिवशी बाई गेल्या. तापावर त्यांची सुई चालत नव्हती आणि चालते असं त्या कधी म्हणाल्याही नव्हत्या. मला त्या तापाचा अजून राग येतो.

घरी त्यांना आंघोळ घालताना पोटाकडे मी मुद्दाम पाहिलं. टाके जसेच्या तसे होते, एकही सुटला नव्हता. त्यांच्या वहिनी मनगटाची गाठ सोडत डोळे पुसून म्हणाल्या, "गंडे वेगळे ठेवा, ताई. तिलवाऱ्याला नर्मदेत सोडावे लागतील."

"वहिनी," मी म्हटलं, "गंडे नाहीत. चिंचोके आहेत."

मी दोन्ही चिंचोके वहिनींच्या हातातून घेतले, कमरेला खोचले आणि बाईंच्या अंगावर पाणी घालायला लागले.