वाघाची दाढ आणि गावचा जाणता

रिठदला आमच्या काकांची जमीन सगळ्यांत काळी आणि दात त्याहून काळे. ते बोलायला लागले की जुवाखालचे बैलसुद्धा मान फिरवत. काकूनं बाभळीची काडी हातात दिली तर ती कानात घालायचे. वर म्हणायचे, “वाघ घासते का कधी दात?” वाघ शेलूबाजारच्या बाजारात चारचौघांपुढे अख्खी सुपारी दाढेनं फोडूनही दाखवत नाही, हे त्यांना कोण सांगणार? काका ते दर बाजाराला करत आणि खुळी माणसं टाळ्या पिटत. एका बाजाराला कडाड् आवाज झाला. सुपारी शाबूत राहिली, दाढ उभी चिरली.

गाडीत परत येताना काका असे विव्हळले, की पार लांबच्या इंझोरीच्या कुत्र्यांनी त्यांना सूर दिला असावा. मी गाडी हाकत होतो. तेव्हा मी दोन लेकरांचा बाप होतो, पण काकांपुढे माझी अक्कल बैलाच्या खाली धरली जायची. “वाशीमच्या दवाखान्यात जाऊ,” म्हटलं, तर ओरडले, “डॉक्टर दाढ उपटते! दाढ गेली तं गावात वचक काय राह्यला?”

मग गावचा जाणता आला. हा माणूस सर्पदंश, भानामती आणि दातदुखी यांवर एकच चेहरा करायचा. त्यानं बिब्बा गरम सुईनं टोचला आणि त्याचं तेल दाढेवर सोडलं. बिब्ब्याचं तेल काय चीज आहे, हे आमच्याकडच्या रांगत्या पोरालाही कळतं. कातडीला लागलं की ती भाजल्यासारखी फुगते. पण काकांनी वेदनेनं मान झटकली, तेल ओठांवरून गालावर ओघळलं, आणि सकाळपर्यंत बिब्बा असा उतला, की गालाचं टरबूज झालं. टरबुजावर पाण्यानं टरारलेले फोड.

एवढं पाहून शहाण्या गावानं काय करावं? गूळ वाटला! “रोग बाहीर येऊन राह्यला,” जाणता म्हणाला, आणि माना डोलल्या. माना डोलवायच्या शर्यती लागल्या असत्या तर आमचं गाव नागपूरपर्यंत जिंकत गेलं असतं.

“रोग बाहीर येऊन राह्यला तं ताप काहून चढून राह्यला?” काकूनं विचारलं.

“दाढेत किडा वळवळून राह्यला ना वहिनी!”

मग किडा काढायचा घाट. निखाऱ्यावर भुईरिंगणीचं बी टाकलं, वर फुटकं मडकं पालथं घातलं, त्याच्या भोकात पपईच्या देठाची नळी, नळीचं दुसरं टोक काकांच्या तोंडात, खाली पाण्याची परात. काका खोकले, रडले, आणि परातीत पांढरं काहीतरी पडलं. “निंघाला! निंघाला!” ओसरीवर जल्लोष. मी ते बोटावर घेतलं. त्याला डोकं नव्हतं, शेपूट नव्हती. फुटलेल्या बियांतला पांढरा गर होता तो.

“हे बी हाय,” मी म्हणालो.

“दोन बुकं शिकला अन् किड्याले बी म्हणून राह्यला!” जाणता म्हणाला. ओसरी हसली. काका हसले नाहीत, कारण त्यांचं तोंड आता उघडतच नव्हतं. सूज गळ्यापर्यंत उतरली होती आणि पाण्याचा घोट आत जाईना.

काकूनं मला नुसतं एवढंच सांगितलं, “गाडी जुंप.”

जाणता आडवा आला. “वहिनी, उद्यापावतर थांबा. किड्याची मादी राह्यली आतमंदी.”

“तिले तुमच्या घरी घेऊन जा,” काकू म्हणाली आणि काकांना धरून गाडीत चढली.

वाशीमच्या डॉक्टरनं काकांचा गाल पाहिला आणि आधी आम्हाला शिव्या घातल्या. तो त्याचा हक्क होता. “सूज आणखी उतरली तर श्वास बंद होईल. पू काढायचा, दाढही काढायची.” काकांनी दोन्ही हात हलवून नाही म्हटलं. मरायला तयार, पण बोळकं दिसायला नाही! डॉक्टर काकूकडे वळला.

“काढा,” काकू म्हणाली. “मले माह्या कुंकवाचं पाहाचं हाय. त्याईच्या वचकाचं त्याईनं पाहावं.”

मी पाय धरले, कंपाउंडरनं डोकं धरलं. वाटीभर पू निघाला. मी सांगताना बादलीभर सांगतो, पण काकूसमोर वाटीभरच. मग दाढ निघाली. तिला चीर होती, भोक होतं, किडा नव्हता. पाण्याचा पहिला घोट काकांच्या गळ्याखाली गेला तेव्हा काकू भिंतीला टेकून खाली बसली. काका मात्र डॉक्टरला खुणेनं सांगत होते, दाढ फोडून नीट पाहा.

गावात परतलो तर जाणता ओसरीवर हजर. “किडा म्या काढला म्हणून दाढ सोपी गेली,” तो म्हणाला. माना डोलल्या. आणि माझा मरता मरता वाचलेला काका, तोही डोलला!

“दुसरी बी दुखते जराशी,” काका बोबडं बोलले. “पाहून घे ना बाप्पा.”

जाणत्यानं कनवटीचा बिब्बा काढला. काकूनं तो त्याच्या हातातून चिमट्यानं उचलला आणि चुलीत टाकला. मग मिठाचं कोमट पाणी आणि बाभळीची काडी काकांपुढे ठेवली.

“आंधी हे,” ती म्हणाली, “मंग भाकर.”

वाघानं ओसरीकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. भाकर फुगत होती. त्यानं काडी चावायला घेतली.