कुलवृत्तांतात वारलेल्या आत्याच्या शोधात: मुक्काम शारजा

लोक दुबईला सोनं आणायला जातात, वाळूत गाडी उडवायला जातात, नाहीतर उंच इमारतीच्या टोकावर उभं राहून फोटो काढायला जातात. मी गेले ती एका मयत बाईची नात बघायला. ज्यांना असा प्रवास करायची इच्छा किंवा वेळ येईल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही पाचांबेकर. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, म्हणजे सगळ्या पिढ्यांची नोंद असलेलं जाडजूड पुस्तक. त्यात मुलग्यांना परिच्छेद आणि मुलींना अर्धी ओळ असते. मी अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्याची नोंद ‘कन्या वसुधा, विवाहित, पुणे’ एवढीच आहे. नव्या आवृत्तीची मुद्रितं मात्र फुकटात मीच तपासते. संपादक आमचे बापूकाका, वय एक्याऐंशी, मुक्काम चिपळूण.

सप्टेंबरात बापूकाकांनी मला बोलावून एक ईमेल हातात दिली. हॅना नावाच्या कॅनडियन बाईंची, दुबईहून आलेली. त्यांनी आमच्या कुलमंडळाच्या वेबसाइटवर जुनी आवृत्ती पाहिली होती आणि कोणाकडून तरी वाचून घेतली होती. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या पुस्तकात माझी आजी कुसुम सव्विसाव्या वर्षी अविवाहित आणि निःसंतान वारली असं छापलंय. पण माझे वडील तिच्या तिसाव्या वर्षी जन्मले. तेव्हा कृपया खुलासा करावा.

कुसुमआत्या म्हणजे बापूकाकांची मोठी बहीण आणि माझी सख्खी आत्या. नर्स होती. मी पाळण्यात असताना ती कॅनडाला गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

“फ्रॉड असणार,” बापूकाका म्हणाले. “ताई वारली. पुस्तकात आहे.”

“मग उत्तर देऊ नका.”

“तू निखिलकडे शारजाला चाललीच आहेस ना? बघून ये. काही कबूल करू नकोस. आणि हे असू दे जवळ.”

‘हे’ म्हणजे स्टॅम्पपेपरवरचं हक्कसोडपत्र. घरामागच्या अकरा गुंठ्यांवर (तीन फणस, एक बुजलेली विहीर आणि बाकी सगळा जांभा) आपला काही हक्क नाही, असं हॅनाबाईंनी लिहून द्यायचं होतं. जी आजी कधी आईच झाली नाही, तिच्या नातीची सही मला आणायची होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

उरलेलं काकूनं स्वयंपाकघरात सांगितलं. आजोबा गेले तेव्हा वारसनोंदीला सगळ्या बहिणींच्या सह्या हव्या होत्या. तीन बहिणींनी मुकाट्याने केल्या. चौथी कॅनडात, तीही एका शेतकऱ्याशी लग्न करून बसलेली, म्हणजे घरात तिचं नाव काढायची चोरी. मग बापूकाकांनी सोपा मार्ग काढला आणि तलाठ्याकडे तिला मयत दाखवलं. पुढे कुलवृत्तांत निघाला तेव्हा, सरकारी कागदात आणि पुस्तकात तफावत नको, म्हणून तिथेही मारलं. नवी आवृत्ती डिसेंबरात छापायला जाणार होती, म्हणजे तिला पुन्हा एकदा मारायची तयारी होती. आणि तिसऱ्या मुद्रितावर ‘तपासले’ म्हणून माझीच सही होती. मला स्वतःचीच लाज वाटली. ठरवलं, बाई खरी निघाली तर ती ओळ पुसूनच यायचं.

नोव्हेंबरात निघाले. हवा छान असते. व्हिसा एजंटकडून चार दिवसांत झाला. एक महत्त्वाची सूचना: खसखस नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थांत मोडते. मी हौसेनं केलेले अनारसे विमानतळावर जायच्या आधी शेजारणीला देऊन टाकावे लागले, आणि ती अजून त्यांचं कौतुक करतेय.

निखिल माझा भाचा, माझ्या भावाचा मुलगा. शारजात रोल्लाजवळ राहतो आणि नोकरीला दुबईत जातो. रोज सकाळी दीड तास ट्रॅफिकमध्ये. रोल्लात उतरल्यावर परदेशात आल्यासारखं मुळीच वाटत नाही. साडीला फॉल लावून मिळतो, कढीपत्ता मिळतो, आणि रस्ता ओलांडताना आपल्यासारखीच प्रार्थना करावी लागते. पहिल्याच दिवशी अठरा दिरहमची मिसळ खाल्ली. “म्हणजे सव्वाचारशे रुपये!” मी मोठ्यानं म्हणाले.

“आत्या, प्लीज कन्व्हर्ट करू नकोस,” निखिल म्हणाला. “फर्स्ट वीकला सगळे करतात. मग जेवण जात नाही.”

दुसऱ्या दिवशी एक तांत्रिक अडचण लक्षात आली. मंडळाच्या नियमाप्रमाणे मुलीच्या शाखेची नोंद करायची तर फॉर्मवर दोन कुलबंधूंच्या सह्या लागतात. मी कुलभगिनी. माझी सही मुद्रितावर चालते, फॉर्मवर नाही. एक सही निखिलची झाली असती. दुसऱ्या पाचांबेकराला शोधायला रविवारी आम्ही जबल अलीला गेलो. शारजाहून बसनं दुबई, बारा दिरहम, पुढे मेट्रो. मेट्रोत बायकांचा वेगळा डबा आहे, तिथे बसायला मिळतं. शेवटच्या टप्प्याला टॅक्सी केली, कारण तिथे चालणारा माणूस फक्त मीच दिसले असते.

सचिन पाचांबेकर गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. मूळचा संगमेश्वरकडचा, आमच्या चुलत घराण्यातला. कामगारांच्या वसाहतीबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. सुट्टीचा शर्ट इस्त्री करून आला होता. मी त्याला पुस्तकातलं त्याचं पान दाखवलं. खापरपणजोबांपासून सगळी रांग, पुरा परिच्छेद.

“बापरे, एवढं माझ्याबद्दल?” तो म्हणाला. “ताई, याचा इकडं काय उपयोग? म्हंजे, एचआरला दाखवला तर?”

“काही नाही.”

“मग गावाला?”

“तिथेही नाही.”

त्यानं मान डोलावली आणि करक चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. कुसुमआत्याची गोष्ट सांगितली तशी त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “माझ्या आईनंपण अशीच सही केलेली, मामाकडं. नंतर एकदा पण माहेरी फणस नाय आला तिला.” आणि फॉर्म वाचायच्या आधीच सही केली. निखिलनंही त्याच्याखाली केली. दोन कुलबंधू मिळाले, खलास.

हॅनाकडे जायचं ठरलं मंगळवारी संध्याकाळी. एक गोष्ट माझ्या मनात घट्ट होती. माहेरवाशिणीची नात पहिल्यांदा भेटतेय, तिची ओटी भरायचीच. खण पुण्याहून नेला होता, नारळ राहिला होता. निखिल म्हणाला, वाटेत रास अल खोरला होलसेल मार्केट आहे, घेऊ. तिथल्या गाळ्यावरच्या दाढीवाल्या चाचांना मी एक नारळ मागितला.

“बहनजी, एक? यहाँ बोरी बिकती है.”

“बेटी की गोद भरनी है,” मी म्हटलं. त्यांनी बोरीत हात घालून तीन-चार नारळ कानाशी हलवून पाहिले, एक निवडला आणि पैसे घेतले नाहीत. शारजा-दुबईच्या आठ दिवसांत फुकट मिळालेली ही दुसरी वस्तू, पहिली सचिनचा चहा.

हॅना शाळेत शिकवते. उंच, उन्हानं लाल झालेली, आणि दार उघडताच मला चक्क हसू आलं, कारण पाचांबेकरांचं नाक कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या बर्फातसुद्धा जसंच्या तसं टिकलं होतं. आता फ्रॉडचा प्रश्नच उरला नाही. तिच्या मागून चार वर्षांची रूबी आली.

“मॉम, आर दे फ्रॉम द डेड पीपल बुक?”

“येस,” हॅना म्हणाली, “बट दे आर नाइस.”

ओटी म्हणजे काय ते निखिलनं इंग्रजीत समजावलं, वाईट समजावलं, पण तिनं पदर नव्हता म्हणून टीशर्टची कड पुढे धरली. मग आम्ही फॉर्म भरायला बसलो. तिचं इंग्रजी मी इथे आपल्या भाषेत देते.

गोत्र सोडून दिलं. ‘कुलदैवत’ आल्यावर ती विचारू लागली, म्हणजे काय. निखिल म्हणाला, ज्याला दरवर्षी न चुकता काहीतरी द्यायचं आणि पिकावर संकट आलं की ज्याच्या तोंडाकडे बघायचं ते.

“मग आमच्याकडे तो गारपिटीचा विमा,” हॅना म्हणाली.

‘शेतजमीन’ या रकान्यात तिनं सेक्शन, टाउनशिप, रेंज असा तिकडचा सगळा गट नंबर न बघता लिहिला. मंडळाच्या इतिहासात हा रकाना कोणी खरा भरल्याचं मला आठवत नाही. मग मी, खाली मान घालून, हक्कसोडपत्र काढलं आणि त्याचा अर्थ सांगितला. अकरा गुंठे म्हणजे किती, तिनं विचारलं. निखिलनं फोनवर काढून दाखवलं.

“एवढ्यात आमचा ट्रॅक्टर वळत नाही,” ती म्हणाली. हसत होती, पण हसू लवकर संपलं. “आजी दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला तुमच्या काकांना पत्र टाकायची. भावाला. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलाय, असं सांगायची. बारा वर्षं टाकली. उत्तर नाही. आम्हाला वाटायचं, तोच वारला असेल.”

मला बापूकाकांचा इतका राग आला की हातातला चहा सांडला.

“तिची एकच गोष्ट आमच्यात राहिली,” हॅना म्हणाली. “ती वासरं मराठीत मोजायची. बाबासुद्धा तसेच मोजतात. सत्तावन्न वर्षांचा शेतकरी, उणे वीसमध्ये गोठ्यात उभा राहून. दुसऱ्या भाषेत मोजलं तर एक चुकतं म्हणतात. त्यांना फक्त एवढंच हवंय. त्यांच्या आईचं नाव जिवंत माणसासारखं छापलं जावं.”

तेवढ्यात रूबी नारळ घेऊन सोफ्यावरून उड्या मारू लागली आणि प्रत्येक उडीला ओरडू लागली, “एक! दोन! तीन! चार!” ‘चार’मधला च अगदी आपल्यासारखा. मी रडले. लिहायला लाज नाही वाटत.

हॅनानं कागद पुन्हा मागितला. “इथे माझं नाव कसं लिहिलंय?”

मी वाचून दाखवलं: ‘कै. कुसुम यांची नात व कायदेशीर वारस.’

“म्हणजे तिला वारस होते, असं तुमचे काका स्वतःच लिहून देतायत?”

मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलेल्या मला हे दिसलं नव्हतं! वडील हयात असताना नातीनं परदेशात साध्या पेननं केलेल्या त्या सहीला आपल्या रजिस्ट्रारकडे काडीची किंमत नाही, हेही मी तिला सांगितलं. तिनं तरीही आनंदानं सही ठोकली, फोटो काढला आणि तेव्हाच वडिलांना पाठवला.

निघताना मी विचारलं, आत्या गेली कशी. चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, झोपेत. जमीन इतकी गोठलेली होती की पुरता येईना. एप्रिलपर्यंत थांबावं लागलं, मग बर्फ वितळल्यावर शेताच्या कडेला जागा केली.

परतीचं सामान: खजूर, केशर, एक फॉर्म, एक स्टॅम्पपेपर. एकूण खर्च राहणं फुकट धरून साधारण पंचावन्न हजार झाला. घराण्याच्या इतिहासात एक ओळ दुरुस्त करायला हा दर जास्त आहे, पण आधीची ओळ फुकट छापली होती आणि ती फार महाग पडली.

पुण्याहून दुसऱ्याच दिवशी चिपळूण गाठलं. दुपारचे चार वाजले होते. बापूकाकांनी आधी हक्कसोडपत्र घेतलं, चष्मा वर करून सही पाहिली आणि प्रसन्न झाले. मग मी फॉर्म पुढे सरकवला.

“हा कशाला?”

“दोन्ही एकत्रच मिळतील. तिथे ती वारस आणि इथे आत्या निःसंतान, असं कसं चालेल? कागदात आणि पुस्तकात तफावत नको, तुमचाच नियम.”

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे बापूकाकांना कळत नव्हतं असं नाही. साठ वर्षं कळत होतं. शेवटी त्यांनी मुद्रित ओढलं, ‘अविवाहित, निःसंतान’वर रेघ मारली आणि फॉर्म बघत बघत स्वतःच्या हातानं लिहू लागले. पतीचं नाव. गाव. पुत्र एक. नात एक. पणती एक. अक्षर वळणदार होतं, थरथरत नव्हतं. मला वाटलं, माणूस दगडाचा आहे.

मग शेवटचा रकाना आला आणि पेन थांबलं.

“गेली कधी?” त्यांनी वर न बघता विचारलं.

मी सांगितलं. चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, झोपेत. जमीन गोठली होती तेही सांगितलं.

त्यांनी ते लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि भिंतीचा आधार घेत उठले.

“अगं, बंबातलं पाणी काढ,” त्यांनी आत हाक दिली.

काकू दारात आली. “आत्ता? सकाळी झाली की आंघोळ.”

“सुतकाची करायचीय,” बापूकाका म्हणाले. “ताई गेली.”