पांढरा मासा

बाबांच्या दहाव्याला कावळा लवकर शिवला. पिंड सोडायला मी धरणाच्या पाण्यात गुडघाभर उतरलो, तेवढ्यात एक होडी सावकाश समोर आली. तिच्यामागून गळाची दोरी पाण्यात ओढली जात होती. आतले दोघे दुसऱ्या गळाला लावायला डब्यातून प्लास्टिकचे रंगीत मासे निवडत होते.

"लाल लाव की, पाणी गढूळ आहे."

"येड्या, या घाटाला पांढराच! भाताला सोकावलेत इथले मासे. थांब, त्यांचा पिंड पडू दे."

त्या दोघांची शिसारी येऊन मी पिंड हातातच धरून ठेवला. भुकेल्याला फसवायचं तर त्याच्या सवयीचाच रंग दाखवावा लागतो, हे मला ठाऊक होतं. ती सवय आपल्या शोकानेही लागते, हे आज कळत होतं.

मग बाबांचा गळाचा डबा आठवला. दर रविवारी ते याच पाण्यावर यायचे. त्यांचे लाल, हिरवे मासे अजून कोरे आहेत. पांढऱ्याचा रंग मात्र माशांच्या दातांनी पार खरवडून गेला आहे. तो एकच का, हे मी कधी विचारलं नाही. कालवण तेवढं दोनदा मागून घेतलं. आता स्वतःचीच शिसारी आली.

"सोडा लवकर," काठावरून गुरुजी म्हणाले.

मी पिंड सोडला आणि तिथेच उभा राहिलो.

"ओ काका, सरका की!" होडीतून हाक आली.

भात पुरता विरेपर्यंत मी सरकलो नाही.