ते ‘सौ.’ खोडा

केस पेपरवर नावाआधी ‘सौ.’ लिहिलेलं होतं. पोट सात महिन्यांचं दिसत होतं, म्हणून आमच्या कारकुनानं मुलीची लाज राखायला ते आपल्या मनानं घातलं. मुलगी सोळाची, जिंतूरजवळच्या खेड्यातली, आईबरोबर कापूस वेचायला जाणारी. सातवीपर्यंत शिकलेली. तिनं पेपर वाचला आणि मला म्हणाली, “बाई, माजं लगीन झालं न्हाई. ते सौ. खोडा.”

मी खोडलं. परभणीच्या त्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर होते, पण पोरगी खोटं बोलत नाही हे मला पटलं. अडचण एवढीच, की लघवीची गरोदरपणाची टेस्ट पॉझिटिव्ह होती.

आमचे मोठे सर म्हणाले, दिवस गेलेत, वाट बघा. मी पोटाला नळी लावली, बाळाचे ठोके नव्हते. एक्स-रे काढला. सात महिन्यांच्या बाळाची हाडं फिल्मवर दिसतातच. इथं एकही नव्हतं. सोनोग्राफी तेव्हा आमच्याकडे कुठली! बीजकोशाच्या काही विरळ कॅन्सरमध्ये गाठच असं रसायन सोडते, जे एरवी गरोदर बाईच्या लघवीत सापडतं. टेस्ट ते रसायन ओळखते, बाळ नाही. हे सांगितल्यावर सर म्हणाले, पुस्तकं फार वाचता तुम्ही. वाचतच होते, लपवायचं काय त्यात?

शेवटी ऑपरेशन ठरलं. डावा बीजकोश भोपळ्याएवढा झालेला, वरचं आवरण शाबूत. उजवा स्वच्छ, गर्भाशयही स्वच्छ. या वयात अशी गाठ बहुतेकदा एकाच बाजूला असते. पण कॅन्सर म्हटला की सगळंच काढायचं, हा सरांचा शिरस्ता. ते टेबलापलीकडून म्हणाले, “दोन्ही बाजू काढा, गर्भाशयही काढा. तसंही हिच्याशी आता लग्न कोण करणार?”

मी म्हणाले, “लग्नाचं मला माहीत नाही, सर. चांगला अवयव मी काढणार नाही. ऑपरेशन करणारी म्हणून पेपरवर सही माझी आहे.”

सर हातमोजे काढून निघून गेले. मी फक्त डावा बीजकोश गाठीसकट काढला. माझं चुकलं असतं तर पोरगी जीवानिशी गेली असती, हे मला टाके घालतानाही कळत होतं.

चार दिवसांनी आई गावी जाऊन परत आली. गावानं नाही नाही ते बोलून घेतलं होतं. तिला ती गाठ बरणीत घालून हवी होती, पारावर नेऊन ठेवायला. गाठ तपासणीला गेली होती, असती तरी मी दिली नसती. पण मी तोंड उघडायच्या आत मुलगीच खाटेवरून म्हणाली, “आये, मला कुणाला काय बी दाखवायचं न्हाई. तोंड दाखवायचं तर गावानं मला दाखवावं.”

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण गाठीबाहेर गेलेला नव्हता. दोन महिन्यांत थांबलेली पाळी पुन्हा सुरू झाली. पुढं कैक वर्षं ती तपासायला येत राहिली; गाठ परत आली नाही.

पेशंटचं म्हणणं केस पेपरवर सगळ्यात आधी लिहायचं, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. तिच्या पेपरवर ते लिहायचं राहून गेलं होतं.